हरणाबाईनं चहा टाळला

हरणाबाईचं नाव ज्यांनी ठेवलं त्यांनी तिला फक्त पाळण्यात बघितलं होतं, एवढंच त्यांच्या बाजूनं म्हणता येईल. पन्नाशी ओलांडली तशी शिराळ्याच्या स्टँडवर ती एसटीतून उतरायला लागली की कंडक्टर आधी बाकीच्यांना थोपवायचा आणि मग बाईला वाट करून द्यायचा. पण आपल्या देहाबद्दल तिला कधी खंत वाटली नाही. हे सुखाचं अंग आहे, असं ती सांगायची, आणि तिच्याकडं बघून ते कुणालाही पटायचं.

तिचा उद्योग सोयरिकी जुळवण्याचा. शिराळ्यापासून सांगलीपर्यंत एकही मोठं गाव असं नव्हतं जिथं तिनं एखादी सून आणून दिली नव्हती किंवा एखादी लेक उजवली नव्हती. पैसा घ्यायची नाही. लग्नात मानाची साडी आणि पहिल्या पंगतीला बसायचा मान, एवढ्यावर खूश. सगळं भांडवल डोक्यात होतं. कुणाचं देवक काय, कुणाची आजी कुठल्या गावची, कुठल्या दोन भावकींची बांधावरून बोलाचाल बंद आहे, कुठला पोरगा आईचं ऐकतो आणि कुठला नुसतं ऐकल्यासारखं करतो, हे ती जात्यावर ओवी म्हणावी तसं सांगायची. मोबाईलवर येणाऱ्या बायोडाट्याला ती हातसुद्धा लावायची नाही. "कागदावर कुनाला बी पावनेसहा फूट हुता येतं," म्हणायची.

या उद्योगात एक गोष्ट मात्र चुकवता येत नव्हती. ज्या घरी जावं तिथं चहा घ्यावा लागे. मध्यस्थानं चहा टाळला की स्थळ टाळलं, असाच सगळीकडं अर्थ लावतात. चहाही साधा नाही, पाहुण्यांचा. चमचा उभा राहील एवढी साखर. सोबत पोहे, नाहीतर तूप सुटलेला शिरा, आणि जमलंच तर पेढा. अशी दिवसातून चार-पाच घरं व्हायची. बरं, तिलाही ते आवडायचंच. रक्तात साखर वाढली म्हणून गावच्या दवाखान्यातून गोळ्या दिल्या होत्या, त्या ती चक्कर आली की घ्यायची. ब्लडप्रेशरची गोळी राग आला की घ्यायची, म्हणजे रोजच घ्यायला हवी होती, पण तेवढं ती मान्य करत नव्हती.

नवरा नाथाजी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. त्याचं म्हणणं एवढंच, की रात्री ही घोरायला लागली की रणगाडा चालू झाल्यासारखं वाटतं आणि मध्येच तो बंद पडला की जास्त भीती वाटते. हरणाबाई ते हसण्यावारी न्यायची.

मग डोक्यातलं भांडवल थोडंथोडं सांडायला लागलं. बोलता बोलता एखादं नाव जिभेवर येऊन परत फिरायचं. सून क्रांतीला एकदा नणंदेच्या नावानं हाक मारली, तेव्हा क्रांती नुसती हसली. दुसऱ्यांदा मारली तेव्हा हसली नाही. दुपारी बसल्या बसल्या बाईचा डोळा लागायचा आणि जाग आली की आपण कुणाच्या घरी आहोत हे उमजायला वेळ लागायचा. धावपळ होतीया, असं ती स्वतःला सांगत राहिली.

अशातच ओळखीतल्या शालूबाईच्या मुलासाठी, उदयसिंहासाठी मुलगी बघायची वेळ आली. पोरगा फौजेत, रजेवर आलेला, देखणा. हरणाबाईनं सांगितलं, वाळवा तालुक्यात एक अंकिता म्हणून पोरगी आहे, नक्षत्रासारखी, डोळे मिटून हो म्हणा. बोलेरो भरून माणसं निघाली. हरणाबाई पुढच्या सीटवर. अंकिताचं घर तिनं बरोबर दाखवलं. दार उघडलं ते अंकिताच्या आईनं. एवढी माणसं बघून ती बावरली, पण घरच्या रीतीप्रमाणं सतरंजी अंथरली, पाणी आणलं. हरणाबाईनं ऐटीत मांडी घातली आणि सांगितलं, पोरीला बोलवा, पाव्हणं बघायला आल्यात.

आईनं आतल्या दाराकडं बघितलं. आतून अंकिता स्वतःच बाहेर आली, एक हात कमरेवर ठेवून, सावकाश. तिला सातवा महिना होता. बाळंतपणाला माहेरी आली होती. मागच्याच्या मागच्या साली शिरवळला कंपनीत नोकरी करणाऱ्या पोराशी तिचं लग्न लागलं होतं आणि ते जमवलं होतं खुद्द हरणाबाईनं. अंगावरची साडीसुद्धा तिच्याच पसंतीची.

"हरणामावशी," अंकिता म्हणाली, "मला परत दाखवताय व्हय?"

ती चांगल्या मनानं हसली म्हणून बरं. बाकीचं कुणी हसलं नाही. शालूबाई पदर तोंडाला लावून बसली. उदयसिंहानं छताच्या पंख्यावर नजर लावली ती निघेपर्यंत काढली नाही. अंकिताच्या आईनं मात्र आलेल्या माणसाला उपाशी पाठवायचं नाही म्हणून पोहे केले, आणि ते सगळ्यांनी खाली माना घालून खाल्ले. पुढं कळलं ते असं, की हरणाबाईच्या मनात होती ती अंकिताची चुलत बहीण, गावाच्या दुसऱ्या टोकाला. ती बिचारी साडी नेसून, केसांत गजरा माळून संध्याकाळपर्यंत बसून होती. त्या घरानं नंतर हरणाबाईचा फोनही उचलला नाही.

ही बातमी हरणाबाईच्या आधी शिराळ्यात पोचली. बाजारात लोक म्हणायचे, आता बाईनं सेवा वाढवली, बायकोबरोबर लेकरू बी तयार देतीया. हरणाबाईला असले विनोद आवडायचे, दुसऱ्यावरचे. ती घराबाहेर पडेनाशी झाली. घरात बसून तिला दुसरीच आठवण छळायला लागली, तिच्या थोरल्या बहिणीची, बनुबाईची. बनुबाईलाही साखर होती, देहही असाच. शेवटच्या काळात बनुबाई पोटच्या पोराला 'तुमी कुठलं पाव्हणं' असं विचारायची आणि पोरगा दर वेळी आपलं नाव सांगायचा. हरणाबाईनं हे कुणाला बोलून दाखवलं नाही. फक्त एका संध्याकाळी क्रांती भाकरी थापत होती, तिच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "मी बनूआक्काच्या वाटंनं चाललीया गं."

क्रांतीनं भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले आणि सांगलीच्या डॉक्टरांचा नंबर शोधला.

डॉक्टर दीक्षा तरुण होत्या, हसऱ्या, पण ऐकून घेताना गंभीर. त्यांनी सगळ्यात आधी बाईच्या कमरेभोवती टेप लावली. शिंप्याशिवाय असं कुणी केलं नव्हतं, म्हणून हरणाबाई जरा अवघडली. मग रक्त काढलं, ब्लडप्रेशर बघितलं, नाथाजीनं रणगाड्याची तक्रार मांडली ती लिहून घेतली. नंतर पाच शब्द सांगितले, नांगर, समई, पेरू, खिडकी, निळा, आणि हे लक्षात ठेवा म्हणाल्या. मध्ये घड्याळ काढायला लावलं. हरणाबाईनं भाकरीसारखं गोल गरगरीत घड्याळ काढलं. मग शब्द विचारले. तिला पेरू आठवला. बऱ्याच वेळानं समई आठवली. बाकीचे गेले ते गेलेच.

लाज झाकायला तिनं आपल्या उद्योगात उडी घेतली. डॉक्टरीणबाईंना विचारलं, तुमचं कूळ कोणतं, लग्नाचं बघायचं का. डॉक्टर हसून म्हणाल्या, "आमच्या बौद्धांच्यात कूळ न्हाई विचारत मावशी, काय शिकलाय ते विचारतात. आणि लग्न झालंय माझं, मुलगी बालवाडीत आहे." क्रांतीनं कपाळाला हात लावला. हीसुद्धा लग्न झालेलीच निघाली होती.

तपासण्यांचे निकाल आल्यावर डॉक्टरांनी तिघांना समोर बसवलं. पोटाचा घेर, ब्लडप्रेशर, साखर, रक्तातली चरबी, सगळंच वाढलेलं, आणि चांगली चरबी तेवढी कमी. हे सगळे एकत्र येतात तेव्हा त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, त्यांनी सांगितलं. हरणाबाईनं विचारलं, ते समदं पोटाचं झालं, पण माझं तर डोकं बिघडलंय.

"मावशी, तुमच्या भाषेत सांगते," डॉक्टर म्हणाल्या. "इन्शुलिन म्हणून एक हार्मोन असतं. ते मध्यस्थ. साखरेला घेऊन पेशीच्या दारात जातं आणि दार उघडायला लावतं. पण मध्यस्थ रोज उठून दहा वेळा दार वाजवायला लागला तर घरचे काय करतात?"

"कडी घालून बसत्यात," हरणाबाई म्हणाली. तिला अनुभव होता.

"तसंच झालंय. आणि मेंदूलासुद्धा अशी दारं आहेत."

मग त्यांनी बाकीचं समजावलं. ब्लडप्रेशरनं आणि चरबीनं मेंदूतल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, पोटातली चरबी अंगभर बारीक सूज ठेवते, झोपेत श्वास अडकला की मेंदूला हवा कमी पडते. थोडं थोडं साचत जातं आणि एक दिवस नाव आठवत नाही. हरणाबाईनं धीर करून बनुबाईचं सांगितलं. डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला. म्हणाल्या, तुम्ही अजून तिथं पोचलेला नाही. सुरुवात आहे, आणि सुरुवातीला करता येण्यासारखं पुष्कळ असतं.

उपायांत रोजच्या गोळ्या होत्या, त्या रागावर अवलंबून न ठेवता घ्यायच्या. चालणं होतं. झोपताना नाकाला लावायचं एक यंत्र होतं. आणि आठवड्यातून एकदा पोटात टोचायचं इंजेक्शन होतं. जेवण झालं की आपल्या आतड्यातूनच एक हार्मोन निघतं, ते मेंदूला 'बास' म्हणून सांगतं. त्याचीच नक्कल औषधात केलेली. साखर उतरते, वजन उतरतं. नाथाजीनं फौजी पद्धतीनं सरळ विचारलं, याच्यानं मेमरी शंभर टक्का वापस येणार का. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. मेंदूवर त्याचा काय परिणाम होतो यावर जगभर अभ्यास चाललाय, म्हणाल्या, काही ठिकाणी आशा दिसते, पण ज्यांना विसराळूपणाचा आजार आधीच जडलेला होता त्यांच्यात फायदा दिसला नाही असंही निघालंय. म्हणून मी वचन देत नाही. मी हे साखरेसाठी आणि वजनासाठी देतेय. डोक्याला फायदा झाला तर तो वरचा.

वचन न देणारा माणूस हरणाबाईला तिच्या उद्योगात क्वचितच भेटला होता. तिचा विश्वास बसला.

पहिलं इंजेक्शन द्यायचं नाथाजीनं अंगावर घेतलं. सीमेवर काढलेली वर्षं त्यानं सगळ्यांना ऐकवली, पेन हातात घेतलं, बायकोला सावधान म्हणाला आणि सुई बघून स्वतःच खाली बसला. शेवटी क्रांतीनं टोचलं. हरणाबाईला मुंगी चावल्याएवढंही कळलं नाही. पण दोन दिवसांनी कळलं. ढेकरा यायच्या, मळमळायचं, फोडणीचा वास नकोसा व्हायचा. आणि मग एका दुपारी अशी गोष्ट घडली की ती स्वतःच ताटाकडं बघत राहिली. अर्धी भाकरी उरली होती आणि तिला ती नको होती. आयुष्यात पहिल्यांदाच आतून कुणीतरी 'बास' म्हणालं होतं. इतकी वर्षं हे कुठं गेलं होतं, याचं तिला नवल वाटलं.

इकडं उदयसिंह पुढच्या रजेवर आला. शालूबाई हरणाबाईचं नाव काढू देत नव्हती, पण पोरगाच म्हणाला, आई, चूक झाली, गोळी तर न्हाई लागली. एवढ्या आधारावर हरणाबाई पुन्हा घराबाहेर पडली. सांगलीत नानासो म्हणून हळदीचे व्यापारी होते. त्यांची मुलगी राजलक्ष्मी कॉलेजच्या पोरांना गणित शिकवायची, बोलायला मोकळी, आणि मुख्य म्हणजे बिनलग्नाची. याची खात्री क्रांतीनं आदल्या दिवशी फोन करून केली. तो नेम पुढं कायमचाच झाला.

हरणाबाई आधी एकटीच घर बघायला गेली. सगळं मनासारखं होतं. माणसं चांगली, मुलगी चांगली. नानासोंच्या आईनं, अंबूबाईंनी, मोठ्या मानानं चहा आणला, कपभर नव्हे तर पेलाभर, आणि शेजारी शिऱ्याची बशी, तूप वर तरंगत असलेलं. इंजेक्शन परवाच झालं होतं. तुपाचा वास नाकात गेला आणि हरणाबाईच्या पोटात ढवळून आलं. तिनं बशी हातानं लांब सारली, "नको, बास," म्हणाली आणि तोंडाला पदर लावून जवळजवळ पळतच रिक्षात बसली.

मागं घरात काय झालं असेल ते सांगायला नको. हरणाबाईनं चहा टाळला. घरात चर्चा सुरू झाली, मुलीच्या रंगात काही वाटलं का, घराण्यात काही कळलं का, कुणी काही सांगितलं का. राजलक्ष्मीच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ही वार्ता नदीकाठच्या वाऱ्यासारखी फिरत शालूबाईच्या कानावर पडली आणि तिचा फोन आला. नानासोंच्या घरात काय खोट आहे ती आधी सांगा, मग पुढचं बोलू.

नाथाजीनं तोडगा काढला, उपास होता म्हणून सांग. सोपं होतं. पण हरणाबाई विचारात पडली. आज उपास, उद्या दुसऱ्या घरी काय? आणि तोवर त्या पोरीवर जो ठपका बसला तो कुणी पुसायचा? खरं सांगायचं तर इंजेक्शन सांगावं लागणार, इंजेक्शन सांगितलं की आजार, आणि आजार सांगितला की डोक्याचं. ज्या बाईचं सगळं भांडवल डोक्यात, तिनंच डोकं बिघडलंय म्हणून सांगितल्यावर तिला स्थळ कोण विचारणार? दोन दिवस ती यावरच घुटमळली. शेवटी तिनं शालूबाईला आणि उदयसिंहाला बोलावून घेतलं आणि नानासोंच्या घरी नेलं.

सगळे बसले. पुन्हा चहा आला. हरणाबाईनं तो समोर घेतला, पण उचलला नाही.

"पोरीत खोट न्हाई," ती म्हणाली. "घरात न्हाई. खोट माझ्यात हाय."

मग तिनं सगळं सांगितलं. साखर, पोटाचा घेर, डॉक्टरांच्या समोर विसरलेले शब्द, बनूआक्का, आठवड्याचं इंजेक्शन, तुपाचा वास. अंकिताच्या घरी काय झालं आणि का झालं असावं, तेही. शेवटी म्हणाली, "आता माझ्या शब्दावर इस्वास ठेवू नका. दोघं आमनेसामने हायती, तुमीच बोला."

मग अंबूबाई उठल्या, हरणाबाईसमोरचा पेला उचलला आणि स्वतःच पिऊन टाकला. मलाही साखर आहे, म्हणाल्या, पण घरातले चहा देत नाहीत, पाहुणे आले तरच मिळतो. नानासोंनी ओशाळून सदऱ्याच्या खिशातली गोळ्यांची पट्टी दाखवली. शालूबाईला हसू आवरेना. तिनंही आपलं ब्लडप्रेशर सांगून टाकलं. थोड्या वेळात तिथं बघायचा कार्यक्रम राहिला बाजूला आणि दवाखान्याची ओळ लागल्यासारखं झालं. मोठ्यांचं हे चाललं असताना राजलक्ष्मी आणि उदयसिंह गॅलरीत उभे होते, आणि आत कुणाची साखर किती यात त्यांना काही रस नव्हता.

मुलीच्या आत्याला मात्र भलताच रस आला. लग्नाला अजून वेळ आहे, तोवर आमच्या राजीला पण दोन सुया देऊन बारीक करता येईल का, असं तिनं हळूच विचारलं. हरणाबाई कडाडली. "भाजी हाय का ती, पावशेर द्या म्हनून मागायला? रगात तपासून डॉक्टर देत्यात. आन् पोरीला काय धाड भरलीया? चांगली हाय की." गॅलरीतून राजलक्ष्मीनं आत बघितलं आणि हरणाबाईला डोळ्यांनीच नमस्कार केला.

सुपारी फुटली. साखरपुड्यात सगळ्यांनी साखर खाल्ली, हरणाबाईनं बोटाला लावून ओठाला लावली. झालेली गोष्ट तिनं सांगितली होती त्यापेक्षा मोठी होऊन गावोगाव पोचली, पण तिला वाटलं होतं तसं झालं नाही. लोक बोलवायचे थांबले नाहीत. उलट घरोघर आता तिच्यासाठी ताक तयार असायचं, आणि ती गेली की बायका आधी आपली रिपोर्टची फाईल काढायच्या, मग मुलीचा फोटो. ती प्रत्येकीला एकच सांगायची, मला काही कळत नाही, सांगलीला जा.

पावसाळा संपता संपता डॉक्टर दीक्षांनी पुन्हा टेप लावली. घेर चांगलाच उतरला होता. साखर ताब्यात, ब्लडप्रेशर ताब्यात, आणि रात्रीचा रणगाडा जवळजवळ सायकलवर आला होता. नवे पाच शब्द दिले तर तिनं चार परत केले. पाचव्यासाठी तिनं खूप डोकं खाजवलं, पण तो आला नाही. हे इंजेक्शनामुळं का, तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, इंजेक्शन असेल, झोप असेल, गोळ्या असतील, चालणं असेल, कुणाचा वाटा किती हे मला सांगता येणार नाही. काही विसरणं राहीलही. आपण बघत राहू.

लग्न सांगलीतच झालं. हरणाबाई मांडवात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होती, बसायला नको, टेकायला नको. नाथाजी मागं मागं खुर्ची घेऊन. पाहुण्यांची ओळख करून देणं हे तिचंच काम, आणि ती ते रंगात येऊन करत होती, हे उदयसिंहाचे मामा, ही मामाची मेव्हणी, यांच्या वडिलांचं आणि नानासोंच्या चुलत्यांचं शाळेपासूनचं गूळपीठ. मग फेटा बांधलेला एक गृहस्थ समोर आला, हात जोडून ओळखीचं हसला आणि उभा राहिला. हरणाबाई त्याच्याकडं बघत राहिली. चेहरा माहीत होता. गाव माहीत होतं, अंगणातलं चिंचेचं झाडसुद्धा दिसत होतं. नाव मात्र येईना. नाथाजीनं मागून काहीतरी पुटपुटायचा प्रयत्न केला, पण त्यालाही माहीत नव्हतं.

तिला बनूआक्का आठवली. मग तिनं पदर सारखा केला.

"दादा, तुमचं नाव आठवंना झालंय बगा," ती म्हणाली. "सांगा की."

तो माणूस मोठ्यानं हसला. म्हणाला, त्यात काय, मावशी, वीरधवल. आणि शेजारची खुर्ची ओढून बसला, कारण त्याच्या भाचीचं बघायचं होतं.